पाटल्या, रहाड आणि चार पोरं: सिनेमाच्या शेवटाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिनेमा अजून पाहिला नसेल तर इथूनच मागे फिरा, खाली शेवट पुरता फोडलेला आहे. हे प्रश्न नाशकातल्या खेळांनंतर हॉलच्या पायऱ्यांवर, शाळांच्या स्टाफरूममध्ये आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले आहेत. काहींची भाषा आम्ही जरा सौम्य केली आहे.

शेवटी नेमकं काय होतं? आमचा ओमकार तेव्हाच 'सू' म्हणाला.

फार जणांचं असं झालंय, म्हणून सगळंच सांगतो. आजोबांनी दिंडोरीकडच्या बागेतली द्राक्षं व्यापाऱ्याला उधारीवर दिली. त्याचा चेक वटला नाही. आजीच्या पाटल्या आधीच सोनेतारणात होत्या. कर्ज थकलं आणि मार्चअखेरच्या तोंडावर लिलावाची नोटीस घरी आली. मध्यंतरापर्यंत एवढं.

मग रंगपंचमी. अर्धं जुनं नाशिक रहाडीत, म्हणजे रंगाच्या जुन्या हौदात, आणि उरलेलं अर्धं रहाडीभोवती. बँकेत निम्मा स्टाफ. सई (वय ११), तिच्या वर्गातला पिंट्या (१२), फारूक (१३) आणि सईचा धाकटा भाऊ ओम्या (साडेसहा) स्ट्राँगरूमपर्यंत पोचतात. आजीचं पाकीट सापडतं. सई ते हातात घेते आणि परत जागेवर ठेवते. बाहेर पडायच्या आत चौघं पकडले जातात, कारण ओम्या रहाडीत धप्पा मारून थेट बँकेत आलेला असतो आणि दारापासून स्ट्राँगरूमपर्यंत त्याच्या ओल्या पावलांचे ठसे उमटलेले असतात. मॅनेजरच्या केबिनमध्ये आजी येते, साध्या कपड्यांतल्या पोलीस बाई येतात, मग गल्लीतल्या बायका येतात. त्या महिन्याची भिशी आजीला मिळते आणि लिलाव टळतो. पाटल्या मात्र बँकेतच राहतात. सर्वांत शेवटी ओम्या पेपर उघडतो आणि भोकाड पसरतो.

एवढा उद्योग करून सईने पाकीट परत का ठेवलं?

सगळ्यांत जास्त विचारला गेलेला प्रश्न हाच. उत्तरही पडद्यावरच आहे, फक्त ते कुणी बोलून दाखवत नाही.

तो प्रसंग पुन्हा डोळ्यांपुढे आणा. कॅमेरा सईच्या उंचीवर आहे. समोर कपाटाचे खण, त्यांत लाखेने सील केलेली खाकी पाकिटं. प्रत्येकावर खाते क्रमांक, नाव, नग, निव्वळ वजन आणि सराफाची सही. सई आजीचं नाव शोधते आणि शोधता शोधता बाकीची नावंही वाचत जाते. शिलाईवाल्या काकू. ओम्याच्या बालवाडीच्या बाई. बँकेच्या दारात बंदूक घेऊन बसणाऱ्या काकांच्या बायकोचं मंगळसूत्र, एक नग, ८.२०० ग्रॅम. मग फारूक एका पाकिटापाशी थांबतो. त्यावर त्याच्या अम्मीचं नाव असतं. झुमके, दोन नग. घरात हे कुणी त्याला सांगितलेलं नसतं.

तो म्हणतो, "मग हे पण घेऊ?" पिंट्या बोटं मोडत हिशोब करतो आणि म्हणतो, "मग बालवाडीच्या बाईंचं पण घ्यावं लागेल. आणि काकूंचं. माझं दप्तर एवढं मोठं नाहीये."

इथे थिएटरात हशा पिकतो. तो पिकावा असंच आम्ही लिहिलंय. पण सईचं पाकीट परत जातं ते याच वाक्यामुळे. अनेक पालकांनी आम्हाला लिहिलं की "संस्कार जागे झाले". आमच्या मते तसं काही झालेलं नाही. अकरा वर्षांच्या पोरीला कुणाला वगळायचं हे ठरवता आलं नाही, इतकंच. ही शाळेतली गोष्ट आहे: डब्यातला लाडू एकाला दिला की सगळ्यांना द्यावा लागतो, नाहीतर डबा बंद करायचा. तिने डबा बंद केला. (बँकेत काम करणाऱ्या दोन प्रेक्षकांनी सांगितलं की पाकिटं गल्लीवार लावलेली नसतात आणि नावं इतक्या ठळक अक्षरांत नसतात. बरोबर आहे. मागच्या रांगेलाही वाचता यावीत म्हणून ती आम्हीच मोठी केली.)

पण पाटल्या आजीच्याच होत्या ना! आपलीच वस्तू आपण घेतली तर ती चोरी कशी?

हा प्रश्न मुलं विचारतात आणि वकीलही. सिनेमात फारूक तो विचारतो आणि पोलीस बाई नुसत्या हसतात, म्हणून उत्तर इथे देतो.

कायद्याने याचा विचार फार पूर्वी करून ठेवलाय. १८६० च्या भारतीय दंड संहितेत चोरीच्या व्याख्येखाली उदाहरणं दिली होती आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ मध्येही ती आहेत. त्यातलं एक थेट आपल्या गोष्टीचं आहे. एका माणसाने आपलं घड्याळ गहाण ठेवलं, घेतलेले पैसे फेडले नाहीत आणि सावकाराला न विचारता ते घड्याळ उचलून आणलं, तर ती चोरी. घड्याळ त्याच्या मालकीचं असलं तरी. पाटल्यांच्या जागी घड्याळ ठेवा, की झालं.

आणखी एक. चोरी करायच्या इराद्याने वस्तू जागची हलवली की कायद्याच्या दृष्टीने चोरी घडते. म्हणजे सईने परत ठेवली म्हणून काही घडलंच नाही, असं म्हणता येत नाही. परत ठेवल्याचा उपयोग पुढे बाल न्याय मंडळासमोर होतो.

पोस्टरवर 'दरोडा' लिहिलंय. मग पोलीस बाई "हा दरोडा नाही" असं का म्हणतात?

पाच जण लागतात. पाच किंवा जास्त लोकांनी मिळून जबरी चोरी केली तरच कायदा तिला दरोडा म्हणतो. इथे पोरं चार, आणि जबरी तर काहीच नाही. पिंट्या वॉचमनकाकांना जाताना "हॅपी रंगपंचमी" म्हणतो. गुंड्याला धरलं तर पाच होतात, पण कुत्रा कायद्यात मोजत नाहीत. पोस्टरवर 'चोरी' लिहिलं असतं तर तुम्ही तिकीट काढलं असतं का?

पोरांना शिक्षा झाली की नाही? शेवट घाईत उरकल्यासारखा वाटतो.

झाली, पण तुरुंग, बेड्या, लॉकअप यांतलं काही नाही, कारण मुलांच्या बाबतीत यांतलं काहीच करता येत नाही. बाल न्याय कायदा २०१५ चा आहे. अशा मुलांना विशेष बाल पोलीस पथक किंवा बालकल्याण पोलीस अधिकाऱ्याकडे सोपवतात आणि २४ तासांच्या आत बाल न्याय मंडळासमोर आणतात. पोलिसांनी गणवेशात यायचं नसतं. म्हणून केबिनमध्ये येणाऱ्या बाई निळ्या पंजाबी ड्रेसमध्ये आहेत. "पोलिसांचा ड्रेस भाड्याने मिळाला नाही का?" असं एकाने खवचटपणे विचारलं होतं, त्याचं उत्तर हे.

चौघांचा हिशोब वेगवेगळा आहे. सात वर्षांखालच्या मुलाने केलेली कुठलीच गोष्ट गुन्हा ठरत नाही. म्हणजे ओम्या साफ सुटला, आणि ठसे त्याचेच होते! सात ते बारामध्ये असलेल्या मुलाला आपण काय करतोय हे उमजण्याइतकी समज होती का, हे पाहिलं जातं. सई त्यात बसते. फारूक आणि नुकताच बारा पूर्ण झालेला पिंट्या त्या सवलतीच्या बाहेर आहेत. मंडळ समज देऊन घरी पाठवू शकतं, समुपदेशनाला बसवू शकतं, चौदा वर्षांवरच्या मुलाला समाजसेवेचं काम देऊ शकतं, आईबापांना दंड भरायला लावू शकतं. त्याहून कडक पर्यायही आहेत, पण आमच्या पोरांवर ती वेळ येत नाही. शेवटून दुसऱ्या दृश्यात तिघं गोदाघाटावर झाडू मारताना दिसतात ती मंडळाने दिलेली समाजसेवा आहे (वयाच्या बाबतीत आम्ही सवलत घेतली आहे). ते 'स्वच्छता अभियान' नाही. ओम्यावर काहीही लागू नसताना तो स्वतःचा झाडू घेऊन येतो, आणि त्याला कुणी हाकलत नाही.

ओम्या पेपर बघून का रडतो?

बातमी येते, पण नाव येत नाही. कायद्यात अडकलेल्या मुलाचं नाव, पत्ता, शाळा, फोटो, ओळख पटेल असं काहीही छापायला बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ ने मनाई आहे. त्यामुळे बातमीत नुसतं 'चार अल्पवयीन मुलं' असतं. ओम्याने आख्ख्या गल्लीला आधीच सांगून ठेवलेलं असतं की उद्या माझं नाव येणार.

हे दृश्य अकरा सेकंदांचं आहे आणि आमच्या संकलकाला ते कापायचं होतं. आम्ही अडून बसलो. मोठ्यांना वाटतं की नाव बाहेर आलं नाही, सुटलो. सहा वर्षांच्या पोराला वाटतं की आयुष्यात एकदा पराक्रम केला आणि तोही बेवारस गेला. दोघं आपापल्या जागी खरे आहेत, आणि असा शेवट विनोदी सिनेमाला परवडतो.

मॅनेजर चांगला माणूस दाखवलाय. मग त्याने कर्ज माफ का केलं नाही?

कारण ते पैसे त्याचे नाहीत. शाखेच्या मॅनेजरला असं उठून कर्ज माफ करता येत नाही. असं दाखवणाऱ्या सिनेमांमुळे लोक काउंटरवर जाऊन भांडतात. शिवाय मॅनेजरने माफ केलं असतं तर पिक्चर त्याचा झाला असता. आम्हाला तो गल्लीचा हवा होता.

मॅनेजर एक गोष्ट करतो, ती नीट बघा: नोटीस हातात घेऊन तो आजीला एक एक ओळ वाचून दाखवतो. लिलावाच्या तारखेच्या आत थकबाकी भरली तर लिलाव होत नाही, हे आजीला तोवर कुणी सांगितलेलंच नसतं. तिने नोटीस देवघरात ठेवून रोज नमस्कार केलेला असतो.

जाता जाता, ज्यांच्या घरी सोनेतारण आहे त्यांच्यासाठी. रिझर्व्ह बँकेने जून २०२५ मध्ये सोन्याचांदीवरच्या कर्जांचे नवे नियम काढले. ते पाळायची शेवटची मुदत १ एप्रिल २०२६. लिलावाआधी कर्जदाराला रीतसर नोटीस द्यावी लागते. लिलावाची राखीव किंमत त्या दिवशीच्या मूल्याच्या ९० टक्क्यांहून कमी ठेवता येत नाही, दोनदा लिलाव फसला तरच ती ८५ टक्क्यांपर्यंत येते. कर्ज वळतं करून उरलेली रक्कम कर्जदाराला परत द्यायची असते. पूर्ण कर्ज फेडल्यावर दागिने सात कामकाजी दिवसांत परत मिळायला हवेत, आणि चूक बँकेची असेल तर उशिराच्या प्रत्येक दिवसाला ५,००० रुपये भरपाई. हे सगळं सिनेमात घातलं असतं तर पोरं झोपली असती.

भिशीचा नंबर आजीचा नव्हता. मग तिला कशी मिळाली?

ज्या बाईचा नंबर होता तिने सोडला. कोण ती? शिलाईवाल्या काकू. हो, पाकिटावरच्याच. पंधरा बायकांची दोन-दोन हजारांची भिशी, म्हणजे तीस हजार. त्यात थकलेलं व्याज आणि थोडी मुद्दल भागते. सई काकूंकडे बघते तो शॉट लांब ठेवलाय कारण काकूंचं मंगळसूत्र कुठे आहे हे आता तिला माहीत आहे, आणि हे तिला माहीत आहे हे काकूंना माहीत नाही. आमच्या आख्ख्या सिनेमात आम्हाला सर्वांत आवडलेली नजर ती आहे. दिग्दर्शकाने त्या मुलीला काहीही समजावलं नव्हतं, फक्त "काकूंच्या गळ्याकडे बघू नकोस" एवढं सांगितलं होतं. त्यामुळे ती सारखी तिकडेच बघते.

व्यापाऱ्याचं काय? तो तर सुटलाच!

सुटला. पिंपळगाव, निफाड, दिंडोरीकडच्या प्रेक्षकांनी हा प्रश्न विचारला नाही, शहरातल्यांनी विचारला. बागेवर येऊन माल उचलायचा, निम्मे पैसे हातावर टेकवायचे, बाकीचा चेक द्यायचा आणि हंगाम संपला की फोन बंद, हे द्राक्षपट्ट्यात ज्याने भोगलंय त्याला शेवटच्या रिळात व्यापारी पकडला गेलेला खोटा वाटला असता.

आजोबांनी काही करायला हवं होतं का? हवं होतं. चेक परत आल्याचं बँकेकडून कळलं की ३० दिवसांत लेखी नोटीस पाठवायची, ती मिळाल्यावर १५ दिवसांत पैसे आले नाहीत तर पुढच्या महिन्याभरात कोर्टात तक्रार करायची, अशी परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ ची वाट आहे. आजोबा "शेठ देईल, माणूस तसा नाही" म्हणत चेक पाकिटात घेऊन फिरतात. ३० दिवस तसेच उलटतात. पहिल्या अर्ध्या तासात भिंतीवरचं कालनिर्णय तीनदा दिसतं, ते यासाठी. आमच्या गोष्टीत खरी लूट करणारा तोच आहे आणि त्याच्या घरी कुणी साध्या कपड्यांतसुद्धा गेलं नाही. याचा राग आला असेल तर येऊ द्या.

बँकेत खरंच इतक्या सहज शिरता येतं?

नाही. स्ट्राँगरूमला दोन किल्ल्या लागतात, त्या दोन वेगळ्या माणसांकडे असतात आणि एकाला एकट्याने उघडता येत नाही. शिवाय कॅमेरे आणि अलार्म. सिनेमात दोन्ही अधिकारी एकाच वेळी आत असतात आणि बाहेर फुगा फुटल्यावर एकाच वेळी बाहेर धावतात; ही आम्ही लेखक म्हणून घेतलेली सवलत आहे. बाकीच्याही दोन-तीन गोष्टी मुद्दाम चुकीच्या दाखवल्या आहेत. कुठल्या, ते सांगणार नाही.

नोटा हव्या होत्या तर नाशिकरोडचा प्रेस का नाही?

पिंट्याची पहिली सूचना तीच असते. १९२८ पासून नोटा छापणारा प्रेस गावात असताना नोटांच्या पंचवीस-तीस गड्ड्या असलेली शाखा कशाला, हा त्याचा बिनतोड मुद्दा. पण तिथे सीआयएसएफचा पहारा आहे, आणि सईला नोटा नकोच आहेत.

हे परदेशी सिनेमावरून उचललंय का?

मुलांनी बँक फोडायची कल्पना आमची नाही. २००२ साली एक डॅनिश सिनेमा आला, २००४ मध्ये त्याचा अमेरिकी अवतार निघाला. त्यात वडिलांच्या उपचारासाठी मुलगी बँकेत शिरते आणि तिथली सुरक्षा तिच्या आईच्याच हाताखालची असते. आम्ही दोन्ही पाहिलेत आणि मजा आली. पण तिथे पैसे हवे असतात, चढाई असते, गॅजेट असतात. आमच्याकडे लाखेचं सील आहे.

रहाडच का? दिवाळीत करता आलं असतं.

दिवाळीत बँक बंद असते. आणि रहाडीचा रंग आठवडाभर जात नाही. तिवंध्याला किंवा दिल्ली दरवाजाला एकदा धप्पा मारून या, मग ऑफिसात काय होतं बघा. पेशवेकाळापासूनचे हे हौद वर्षभर बुजवलेले असतात आणि एका दिवसासाठी उघडतात. खोडकर पोरांची गोष्ट सांगायला याहून चांगली जागा नाशकात नाही. पडद्यावरची खोडकर पोरंही इथे नवी नाहीत: त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१९ च्या 'कालिया मर्दन'मध्ये कृष्ण म्हणून आपल्याच मुलीला, मंदाकिनीला उभं केलं होतं.

हे बघून आमची मुलं असलं काही करतील का?

एका खेळानंतर एका मुलाने घरी जाऊन आईला विचारलं, "तुझं काय काय बँकेत आहे?" आई अवघडली आणि आमच्यावर चिडली. हा परिणाम आम्हाला मान्य आहे. बाकी, मुलं बघून करतात म्हणायचं तर झाडू मारतानाचं दृश्यही त्यांनी पाहिलेलंच आहे. त्याचं अनुकरण झाल्याची तक्रार अजून एकाही घरून आलेली नाही.

गुंड्याचं काय झालं?

ठीक आहे. शूटिंगच्या युनिटमधल्याच एकीने त्याला घरी नेलं. त्याच्या अंगावरचा रंग खाण्याच्या हळदीचा होता.

दुसरा भाग येणार का?

नाही.

आमच्या शाळेत दाखवायचा आहे. काय लागेल?

अंधार होईल असा हॉल, बरा आवाज आणि दीड तास. पहिली-दुसरीच्या मुलांना पहिला अर्धा तास जड जातो, म्हणून तिसरीपासून पुढच्यांना बसवा. परीक्षेच्या आठवड्यात नको. शक्य असेल तर शनिवारी ठेवा आणि आयांना बोलवा. मुलांच्या शेजारी त्या बसल्या की स्ट्राँगरूमच्या प्रसंगात हॉल वेगळाच हसतो. खेळ संपल्यावर मुख्याध्यापकांनी तात्पर्य सांगू नये ही एकच अट, आणि ती आम्ही आधी लेखी घेतो.